विमलबाईंचं माप

आमच्या शेजारच्या विमलबाई उपाशी नवरीचं माप घेत नाहीत.

बुलढाण्यात त्यांचं लग्नाच्या भारी कपड्यांचं दुकान आहे. आमच्या बौद्ध लग्नांत नवरी पांढरं नेसते. त्या पांढऱ्या रेशमावर सोनेरी भरतकाम करून विमलबाईंनी असा काही रुबाब आणला, की पुण्या-नागपूरच्या मुली गाडी करून घाट चढून येऊ लागल्या. आल्या, की आधी पाटावर बसायचं. भाकर, पिठलं, वर ठेचा.

"उपाशी पोटाचं माप खोटं असते बाई," म्हणत त्या गळ्यात टेप घालून समोर बसायच्या. 'डाएट' हे त्यांना दुखण्याचं नाव वाटायचं. "कधीपासून हाये? डॉक्टरले दाखवलं का?"

धाकटा भाऊ प्रकाश दुकानात भागीदार. आईवडील गेल्यावर वडनेर भोलजी गावात लोकांची झंपरं शिवून बाईंनीच त्याला वाढवलं. शिवण बाईंची, बोलणं प्रकाशचं. काचेचे दरवाजे, एसी, फोटोला मॉडेल, सगळं त्यानं आणलं. एसी बाई बंद करायच्या. रेशमाला सर्दी होते म्हणे!

एकदा पुण्याचं बडं घराणं आलं. मुलगी भाकरीला हात लावेना, बाई टेपला. तासाभरानं गाडी ऑर्डर न देताच घाट उतरली.

"ताई, तू दुकान चालवून राह्यली का खानावळ?" प्रकाश कडाडला.

"काऊन? खानावळीत काय वाईट हाये?"

प्रकाश चांगले कारागीर घेऊन पुण्याला गेला. तिथं त्यानं स्वतःचं चकचकीत शोरूम काढलं. पुढं कुणी त्याचं नाव काढलं, की बाई विचारायच्या, "कोन प्रकाश?"

यंदा त्याचा फोन आला, तोही मला. कारण बाई त्याचा उचलत नसत. कारागीर सोडून गेले होते, लग्न तोंडावर आणि नवरीचा शालू अर्धाच भरलेला. मी घाबरत घाबरत निरोप दिला.

"मले काय त्याचं?" बाई म्हणाल्या, आणि सुयांचा डबा पिशवीत टाकला. सोबतीला मला घेतलं.

पुण्यात दोघं एकमेकांशी बोलेनात. मागच्या खोलीत बाई टाके घालत होत्या, प्रकाश सुईत दोरा ओवून देत होता. शालू वेळेवर गेला. निघताना तो एवढंच म्हणाला, "ताई, येत जाय."

"पाहू, टाइम भेटला तं."

परतीच्या एसटीत बाईंनी डब्यातल्या सुया मोजल्या. मग माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, "दुकानात सारे मॅडम म्हनतात, गल्लीत तुम्ही बाई म्हनता. ताई म्हननारं एकच मानूस हाये मले."