कुमुदमावशी पिक्चर ऐकतात

कुमुदमावशी कुठलाही पिक्चर शेवटपर्यंत बघत नाहीत. त्यांना हवं ते गाणं येऊन गेलं की टीव्ही बंद. खून कुणी केला, नवरा घरी परतला का, आपण विचारत बसायचं. "होईल त्यांचं काहीतरी," असं म्हणून त्या कुकर लावायला उठतात.

या माझ्या बायकोच्या मावशी. डोंबिवलीत राहतात. शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झाल्या. काका गेल्यापासून एकट्याच असतात. आणि त्यांना वेड आहे ते इंग्रजी गंभीर पिक्चरमध्ये वाजणाऱ्या जुन्या रॉक आणि सोल गाण्यांचं. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी, बरंचसं चर्चमधल्या गाण्यातून उचलून, प्रेमाबद्दल काळजापासून गायलेली गाणी. ही माहिती मी इंटरनेटवरून काढली, मावशींना कळू न देता.

कारण पिक्चर हा खरं तर माझा प्रांत. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी फिल्म क्लब चालवतो. म्हणजे क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर लावतो. आधी मी बोलतो, मग पिक्चर होतो, मग परत मी बोलतो. लोक समोशांसाठी येतात, असं बायकोचं म्हणणं आहे.

एकदा आम्ही डोंबिवलीला गेलेलो. मावशींनी पिक्चर लावला होता. खानावळ चालवणाऱ्या बाईला मुलगा लढाईत गेल्याचं कळतं, तो प्रसंग. मी प्रकाशयोजनेवर बोलायला सुरुवात केली.

"शू! गाणं आत येतंय," मावशी म्हणाल्या.

पडद्यावर कुणीतरी गिऱ्हाईक उठून एक मस्त नाचरं गाणं लावतं. ढोल, ट्रम्पेट, सगळा जल्लोष. बाई आपली टेबल पुसत राहते.

"इथे चुकलंच डायरेक्टरचं," मी म्हणालो. "काहीतरी करुण हवं होतं."

सोपी विभक्ती चुकलेल्या पोराकडे बघावं तसं मावशींनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, दुःखी बाईला रडकं गाणं लावायला काय अक्कल लागते? तसं तर शेजारच्या सुलभाच्या मालिकेतही लावतात. अहो, हिचं काय झालंय ते त्या गिऱ्हाइकाला माहीतच नाही. तो आपला नाचतोय. म्हणून तर पोटात तुटतं."

पुढच्या क्लबमध्ये हा विचार मी डोळे मिटून, मधे योग्य तिथे थांबत, स्वतःचा म्हणून मांडला. "हे मावशीचं आहे ना रे?" बायकोने दुसऱ्या रांगेतून विचारलं. चांगलं ऐकू जाईल असं. मग मावशींना बोलवावंच लागलं.

त्या आल्या एका रविवारी दुपारी, इस्त्रीची सुती साडी नेसून. मी त्यांची ओळख करून द्यायला उभा राहिलो आणि जागतिक सिनेमाच्या उगमापासून निघालो. बोलपटांपर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात मावशींनी माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"जावईबापू, हे वरून चिकटवल्यासारखं होतंय. बसा तुम्ही."

माझ्या क्लबच्या इतिहासात एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

मग मावशींनी एक प्रसंग दाखवला. एक बाप तुरुंगात मुलाला भेटून निघतो. गाडी सुरू करतो, तर रेडिओवर धडधडतं रॉक. तो बंद करायला हात पुढे करतो. हात तिथेच थांबतो. आणि मग तो आवाज वाढवतो.

"बघितलंत?" मावशी म्हणाल्या. "एक शब्द नाही बोलला. पण आता हा माणूस मला कळला."

समोसे आले तरी कुणी उठलं नाही. मी परत बोलायला उठलेलो, पण कुणी बघत नाही म्हटल्यावर बसलो.

संध्याकाळी मी त्यांना डोंबिवलीला सोडायला निघालो. बाळकुमच्या अलीकडे नेहमीसारखे अडकलो. पुढे ट्रक, बाजूला ट्रक. वेळ जावा म्हणून मी विचारलं, "मावशी, पण तुम्ही या नादाला लागलात कशा? काका ऐकायचे का असलं?"

"छे. यांना नाट्यगीतं." मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "हे गेले ना, तेव्हा मी खोलीत एकटी होते. तुम्ही सगळे नंतर आलात. हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर व्यायामशाळा होती. तिथे मोठ्याने गाणं चाललेलं. कुणी इंग्रजी बाई गात होती, मागे बाजा. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण काय गात होती हो! माझा हात यांच्या हातात होता. यांचा हात निवत चाललेला. आणि खाली बघते तर माझा पाय ताल धरत होता."

पुढचा ट्रक जरासा सरकला, मीही गाडी सरकवली.

"कुणाला सांगणार? बहिणीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, धक्का बसला असेल. धक्का नव्हता. छान चाललं होतं गाणं. मग मी पिक्चर बघायला लागले. म्हटलं, एवढं मोठं जग आहे, असं आणखी कुणाचं तरी झालं असेल. कुणीतरी दाखवलं असेल."

"सापडलं?"

"जवळपास येतात एकदोन. पण शेवटी बाईला रडायला लावतात." त्यांनी पदर सारखा केला. "मी नाही हो रडले तेव्हा. नर्स आत आली, तिने खिडकी लावून घेतली. आणि मला पुढचं कडवं ऐकायचं होतं."

पुढचा ट्रक केव्हाच हलला होता. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गिअर सापडत नव्हता.