रंगरावांचं खुडूकपण

एका जंगलात, बाळांनो, रंगराव नावाचा रानकोंबडा राहत होता. तुरा लालभडक, शेपूट झुबकेदार, कामधंदा काही नाही. त्याची बायको गोदा करवंदीच्या जाळीत खुडूक बसली होती. खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. तुम्हाला अंडी दुकानात उगवतात असं वाटतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एके दिवशी गोदा म्हणाली, "अहो, पोटात कावळे ओरडतायत. जरा अंड्यांवर बसता का? चार दाणे टिपून येते."

"बसलो असतो गं, पण मी लिहितोय."

"काय लिहिताय एवढं?"

"खुडूक कोंबडीचं मनोगत."

गोदाने उपाशीपोटीच चोचीने अंडी उलटली. अंडं एकाच कुशीवर राहिलं, तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. रंगरावाने काही तिच्याकडे पाहिलं नाही. त्याला नेमका तेव्हाच शब्द सुचत होता.

पुस्तक निघालं, 'मी, एक खुडूक'. लेखिकेचं नाव रंगिणी. त्यातली कोंबडी अजिबात हलत नाही. ती चंद्राकडे बघते, मध्येच तळ्यात वाकून स्वतःची नाजूक मान न्याहाळते आणि उसासा टाकते. अंड्यांवर बसल्या बसल्या तळ्यात कसं वाकतात, हे कुणी विचारलं नाही. तरस तर ढसाढसा रडला. कोल्हा म्हणाला, "बाईच्या मनाचा असा ठाव बाईलासुद्धा लागला नसता." पुढे रंगिणी म्हणजे रंगराव हे फुटलं, तेव्हा पुस्तक दुप्पट खपलं.

गोदाची पिल्लं बाहेर पडली, त्याच सुमारास तिची धाकटी बहीण ठकी पहिल्यांदाच खुडूक बसली. गोदा बघायला गेली. ठकी दगडासारखी स्तब्ध.

"अगं, अंडी उलटतेस ना?"

"हलायचं नसतं, अक्का. भावोजींनी लिहिलंय."

"भावोजी कधी बसलेत का अंड्यांवर?"

"तू फार रुक्ष आहेस बाई," ठकी म्हणाली आणि चंद्र शोधू लागली. भर दुपार होती.

गोदाने ओळखलं, आता हिला सांगून उपयोग नाही, छापलेलंच ऐकणार ही. तिने एका पानावर खरडलं, 'अंडी उलटत राहा. भूक लागते. नवऱ्याला बसवा.' ते घेऊन ती पिल्लांसकट साळिंदरशेठकडे गेली. लेखण्या पाठीवरच उगवतात म्हणून जंगलाने त्याला प्रकाशक केलं होतं.

साळिंदरशेठने पान वाचलं. "छे हो, हे बाईनं लिहिलंय असं वाटत नाही. तळं कुठंय? उसासा कुठंय?"

"शेठ, मी स्वतः कोंबडी आहे."

"असाल. पण जमलं पाहिजे ना? रंगरावांचं वाचा. कोंबडी म्हणजे काय ते कळेल."

ठकीची अंडी फुटलीच नाहीत. वास यायला लागला तरी ती उठेना. शेवटी गोदाने तिला उठवलं.

"माझ्यातच आई कमी पडली गं, अक्का," ठकी रडत म्हणाली.

"तुझ्यात काही कमी नव्हतं. त्या पुस्तकात होतं."

"भावोजींच्या पुस्तकातल्या कोंबडीची तर सगळी फुटली."

गोदाला इतका संताप आला की समोर असता तर तिने नवऱ्याचा तुरा उपटला असता. आणि बघतात तर काय, रंगराव समोरच. लेखणी घेऊन.

"ठके, थांबू नकोस, रड. फक्त मान जरा तिरकी कर."

गोदाने तुऱ्याला चोच घातली. मानेची दोन पिसं चोचीत आली, तेवढ्यात तो निसटला. झाडावर बसून त्याने तेही टिपून घेतलं.

नवं पुस्तक आलं, 'रितं घरटं'. अर्पणपत्रिका होती, 'ज्यांना नीट बसता आलं नाही, त्या अभागिनींना'. जंगलाने त्या वर्षीचा आदर्श मातेचा पुरस्कार रंगरावाला दिला. तो गहिवरून म्हणाला, "मी स्वतःत खोल उतरलो आणि मला तिथं कोंबडी भेटली." टाळ्या थांबेनात. ठकी पहिल्या रांगेत होती. तिने पुस्तकावर सहीसुद्धा घेतली.

गोदा काही आली नव्हती. पुरस्कार घ्यायला गेलेल्या आदर्श मातेची पिल्लं कुणीतरी सांभाळायला हवी होती.

तर बाळांनो, यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: कोंबडीचं दुःख कधी कोंबडीला विचारू नये. ती अंडी उलटायला सांगेल, आणि चांगल्या साहित्याचा विचका होईल.