अकराशे सव्वीस माणसांना माहीत असलेलं गाव

पोर्तुगालमधलं ते गाव जगात बरोबर अकराशे सव्वीस माणसांना माहीत आहे, आणि साताऱ्याचे टिपणीस नवरा-बायको तिथे पोचले त्या दिवशी नोंदवहीत एकच जागा रिकामी होती. ब्राझीलला स्थायिक झालेला गावचा एक शिंपी त्याच आठवड्यात वारला होता, त्याची.

उल्हासराव टिपणीस जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. शरयूबाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. यात्रा कंपनीच्या पत्रकात ‘फारशी कुणाला ठाऊक नसलेली परदेशातली दहा सुंदर गावं’ होती. नऊ गावांचे फोटो होते. दहाव्याच्या जागी कोरी चौकट, आणि खाली ‘पोर्तुगाल, दुसऱ्या बसने’ एवढंच.

“हे नऊ छापले म्हणजे माहीत झालेच,” शरयूबाई म्हणाल्या. “आपण दहावं बघू.”

बसवाल्याने त्यांना एका दगडी पुलाशी उतरवलं. उल्हासराव सवयीप्रमाणे दहा पावलं पुढे होते. पूल ओलांडून त्यांनी दगडावर कोरलेलं गावाचं नाव वाचलं आणि शिट्टी वाजली. पुलाच्या अलीकडच्या चौकीतून एक ठेंगणी बाई बाहेर आली. तिचं नाव फिलोमेना, हुद्दा नोंदणी अधिकारी.

“वाचलंत?” तिने इंग्रजीत विचारलं.

“वाचलं.”

“मग जागा तुमची. बाईंनी तिथेच थांबावं.”

चौकीत तिने दोघांना खुर्च्या दिल्या आणि नियम समजावून सांगितले. पलीकडच्या डोंगरातलं एक गाव असंच सुंदर होतं. ते सगळ्यांना माहीत झालं. आता तिथल्या लोकांना स्वतःच्या खिडकीत उभं राहायला तिकीट काढावं लागतं. म्हणून यांच्या ग्रामसभेने आकडा ठरवून घेतला. माहीत असणं म्हणजे नाव आणि वाट, दोन्ही ठाऊक असणं. यात गावकरी आले, परगावी गेलेले आले, बसवाला आला. दर नोव्हेंबरात प्रत्येकाने गाव अजून माहीत असल्याचा दाखला द्यायचा.

“आमच्याकडे पेन्शनला हयातीचा देतात,” उल्हासराव म्हणाले.

“तो निराळा,” फिलोमेनाबाई म्हणाल्या. “हयात असून विसरलेले पुष्कळ असतात.”

“वाट मला ठाऊकच आहे,” शरयूबाई म्हणाल्या. “मीच शोधून काढली.”

“अर्धी माहिती वही धरत नाही. तुम्हाला एक सवलत देता येईल. नाव न वाचता आत जा. दगडापाशी डोळे मिटायचे, आतल्या पाट्या टाळायच्या. सोबत मात्र माहीत असलेला माणूस हवा.”

“नाव न कळता?”

“हो.”

“बाई, नकाशात नाव न भरलेल्या गावाला मी एकदाही मार्क दिलेला नाही. मी बसते इथे. अहो, तुम्ही जाऊन या.”

उल्हासराव म्हणाले, “असं कसं?” पण उठलेही. परतीची बस साडेचारला होती आणि एवढ्या लांब येऊन दोघांनीही न बघणं त्यांना वेडेपणाचं वाटलं.

गाव खरोखर सुंदर होतं. घरांच्या भिंतींना निळ्या फरशा लावल्या होत्या आणि प्रत्येक फरशीवर वेगळा मासा होता. एका वळणावर नदी खाली दिसायची आणि तिचा आवाज मात्र वरून, छपरांवरून यायचा. बेकरीतल्या म्हाताऱ्याने पाव पुढे केला आणि त्याला पावच म्हटलं. उल्हासरावांना हे इतकं आवडलं, की ते वळून म्हणाले, “अगं, ऐकलंस का?”

मागे कुणी नव्हतं.

नदीच्या वळणावर ते पुन्हा म्हणाले, “हे बघ.” माशांच्या भिंतीपाशी पुन्हा. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा ते तिथल्या पायरीवर बसले. चाळीस वर्षं ते पुढे चालत होते आणि मागे वळून हेच बोलत होते. आज पहिल्यांदा त्यांना कळलं, की बघण्याचं निम्मं काम ती करत होती. तासाभरातच ते चौकीत परतले.

शरयूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोरचा चहा निवला होता.

“कसं आहे?” त्यांनी विचारलं.

“मला सांगता येत नाही. तूच बघ.” मग ते फिलोमेनाबाईंकडे वळले. “जागा हिच्या नावावर करता येते?”

“येते. नमुना सात, दोन प्रतींत. पण शिक्क्याची शाई वाळली, की नाव आणि वाट तुमच्याकडून जाईल. पाहिलेलं राहील. कुठे पाहिलं ते राहणार नाही.”

“अहो, नको,” शरयूबाई म्हणाल्या. “तुम्ही कधी वाट चुकला नाहीत. तुम्हाला सोसायचं नाही.”

“जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या. एक गाव विसरलो तर बिघडत नाही.”

“आणि मी तिकडे एकटी फिरू?”

“एकटी कशाला? नावाशिवाय जायला मला चालेल. मी काही भूगोलाचा मास्तर नाही.”

फिलोमेनाबाईंनी नियमावली उघडली, एक पान दोनदा वाचलं आणि मान डोलावली. उल्हासरावांनी सह्या केल्या, फिलोमेनाबाईंनी शिक्का मारला. शाई वाळायला चार मिनिटं लागली. तेवढा वेळ शरयूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला होता.

“शरयू,” शाई वाळल्यावर ते म्हणाले, “आपण कुठे आलोय?”

“सांगायची परवानगी नाही. डोळे मिटा. मी सांगेन तेव्हा उघडायचे.”

पूल ओलांडून शरयूबाईंनी दगडावरचं नाव वाचलं. दोनदा वाचलं, शुद्धलेखन तपासल्यासारखं. मग त्यांनी नवऱ्याला पुढे नेलं. नदीचा आवाज वरून यायला लागला तेव्हा उल्हासराव म्हणाले, “हे मी कुठेतरी ऐकलंय.”

“ऐकलं असेल,” शरयूबाई म्हणाल्या. “पण हे बघा, इकडे.”

साडेचारची बस चुकली. ते सहाच्या बसने गेले.

साताऱ्याला लोकांनी विचारलं, तेव्हा उल्हासरावांनी फरशा, मासे, पाव, सगळं रंगवून सांगितलं. गाव कोणतं म्हटल्यावर ते बायकोकडे बघायचे आणि त्या पोह्यांची बशी पुढे करायच्या.

पुढच्या वर्षी चौकीतून पत्र आलं. अँटवर्पमधल्या एका बाईंना यंदा दाखला देता आला नव्हता. एक जागा रिकामी झाली होती आणि पहिला हक्क उल्हासरावांचा होता. शरयूबाईंनी गावाचं नाव अंगठ्याने झाकून त्यांना पत्र वाचून दाखवलं.

“नको,” ते म्हणाले. “तू नेतेस तेच बरं आहे. ती जागा कुणा गरजूला जाऊ दे.”

त्यांनी एप्रिलची तिकिटं काढली. व्हिसाच्या अर्जात ‘भेटीचं ठिकाण’ असा रकाना होता. उल्हासरावांनी तिथे सुवाच्य अक्षरात ‘पत्नीस माहीत’ असं लिहिलं. खिडकीतल्या बाईने ते वाचलं, दोघांकडे एकदा बघितलं आणि शरयूबाईंचा अर्ज सोबत टाचून घेतला.

आठव्या दिवशी व्हिसा आला.