दिग्दर्शकाचं नाव शेवटी

ईश्वरदास धकातेने संध्याकाळच्या वर्गात सिनेमाच्या डिप्लोमाला नाव घातलं, ते काही कलेच्या ओढीने नव्हे, सिरोंच्याच्या भीतीने. त्याच्या ऑफिसात बदल्यांचं वारं सुटलं होतं आणि साहेब त्याच्याकडे बघून 'तुम्हाला हवापालट मानवेल' असं म्हणू लागले होते. प्रसिद्धी शाखेत मात्र नागपुरातच एक जागा रिकामी होती आणि तिथे डिप्लोमावाला माणूस हवा होता. म्हणजे पास झाला तर प्रताप नगरातलं घर आणि चंद्रकलेच्या हातचं सावजी मटण. नापास झाला तर सिरोंचा. (सिरोंचा कसं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण तिथून परतलेले लोक त्याविषयी बोलत नसत.)

परीक्षेला काम एकच होतं. सिनेमाची सुरुवात तयार करायची; पूर्ण सिनेमा नाही, नुसती सुरुवात. आनंदराव सरांनी प्रत्येकाच्या हातात तीन मिनिटांचं एकेक रीळ ठेवलं आणि बजावलं, "दुसरं मिळणार नाही. आणि आधी अभ्यास करा. सिनेमे सुरू कसे होतात ते बघा."

ईश्वरदास अभ्यासाला लागला. रोज चंद्रकलेला घेऊन तो पिक्चरला जाई आणि सुरुवात संपली की तिला उठवी. चंद्रकलेने काही दिवस सोसलं.

"हिरो अजून घरून निघाला नाई, अन् तुमी मले घरी घेऊन चाल्ले," शेवटी ती म्हणाली. "कालच्या पिच्चरमधल्या त्या बुढीचं पोरगं जत्रेत हरवलं. ते सापडलं का नाई, हे मले कोण सांगन?"

"ते अभ्यासक्रमात नाही," ईश्वरदास म्हणाला. त्या रात्री त्याला मटण मिळालं नाही.

पण अभ्यास फुकट गेला नाही. त्याला एक मोठा शोध लागला: सिनेमात आधी नावं येतात, आणि दिग्दर्शकाचं नाव सगळ्यांच्या शेवटी येतं. हा नियम त्याला इतका आवडला की आंघोळ करतानाही तो स्वतःचं नाव शेवटी म्हणून बघे.

बेतही झकास ठरला. अर्धं मिनिट नावं. मग हातमाग खटाखट चाललाय, एकदम धागा तुटतो, विणकर दाराकडे बघतो, दारात कोणाची तरी सावली. बस, संपलं. हातमाग होता उमरेडला, त्याच्या मोठ्या काकांकडे, गुलाबचंद मोठेबाबांकडे. रविवारी ईश्वरदास चंद्रकलेला घेऊन एस.टी.ने तिथे गेला. मोठेबाबा लगेच तयार झाले. फक्त एक गोष्ट विचारली.

"माह्यं नाव येईन ना गा पडद्यावर?"

"येईल की," ईश्वरदास म्हणाला. एवढंच म्हणाला तो बिचारा.

आता, नाव चारचौघांत झळकायचं म्हणजे मोठेबाबांच्या लेखी एकच प्रकार होता, तो म्हणजे लग्नपत्रिका. त्यांनी पेटीतून थोरल्या मुलीची पत्रिका काढली. "याच्यावरून घे. क्रम चुकवू नको. शेजारच्या ताराचंदच्या पत्रिकेत क्रम चुकला, तं दोन घरं अजून बोलत नाई."

मग कुलदैवत प्रसन्न झालं. मग वैकुंठवासी आजोबा आले, कारण माग त्यांचा. मग मोठेबाबा, मग त्यांची बायको तुळजाबाई मोठीमाय. तिने विचारलं, "मामाशिवाय कार्य होते काय?" म्हणून तिचे सगळे भाऊ आले, भाऊ आले म्हणून जावई आले, जावई रुसू नयेत म्हणून त्यांचे वडील आले. मग व्यवस्थापक.

"व्यवस्थापक काय करणार?" ईश्वरदासने विचारलं.

"काई नाई. पत्रिकेत राह्यतात ते."

मग सगळी चिल्लीपिल्ली, 'आमच्या काकाच्या पिच्चरला यायचं हं' या ओळीसकट. ईश्वरदासने हळूच 'आहेर आणू नये' सुचवलं, तर मोठेबाबांनी ते खोडलं. "काहून? कोणी आणून राहिला तं आणू दे ना."

"अन् तुह्यं नाव पुतण्यांत टाकू?" मोठेबाबांनी विचारलं.

"नको," ईश्वरदास अभिमानाने म्हणाला. "दिग्दर्शक शेवटी. नियम आहे."

चंद्रकलेने सुबक अक्षरात कागदाची लांब पट्टी लिहिली. मागाच्या कापड गुंडाळायच्या रुळाला ती लावली, म्हणजे रूळ फिरला की नावं आपोआप वर सरकणार. रूळ अर्थातच मोठेबाबा फिरवणार. ईश्वरदासने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

कुलदैवत छान सरकलं. आजोबा आले आणि रूळ थांबला. मोठेबाबांनी हात जोडले होते.

"फिरवा, मोठेबाबा, रीळ चाललं!"

"बापाच्या नावावरून घाई करू काय गा?"

बटण सोडावं, तर पडद्यावर नाव उडी मारणार. आणि वडीलधाऱ्यांच्या नावाने उडी मारणं बरं दिसत नाही. ईश्वरदासने दाबून धरलं. पुढे मोठीमाय आली. ती म्हातारपणी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. तिने पुढे होऊन आपल्या नावावर बोट ठेवलं. तु. ळ. जा. मग मान वळवून ती ईश्वरदासकडे बघून हसली. ईश्वरदासला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तो रीळ विसरला.

मामांना मोठीमायने थांबवलं, जावयांना मोठेबाबांनी मान म्हणून थांबवलं. चिल्लीपिल्ली आली आणि कॅमेऱ्यात खट्ट वाजलं. रीळ संपलं. त्यानंतर रुळावरून एक नाव सावकाश वर आलं.

"दिग्दर्शक, ईश्वरदास," मोठेबाबांनी मोठ्याने वाचलं. "वा."

परीक्षेच्या दिवशी पडद्यावरची सगळी नावं उमरेडहून एस.टी.ने हजर झाली. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. शेवटी पडदा पांढरा झाला.

"सुरुवात बघून पुढे काय होणार असं वाटलं पाहिजे," आनंदराव सर डोळे पुसत म्हणाले. (ते रडत नव्हते.) "मला ते तिन्ही मिनिटं वाटत होतं. पास करायला हरकत नाही. पण हे काम कोणाचं? तुमचं नाव तर कुठेच नाही." ते मोठेबाबांकडे वळले. "तुम्हीच सांगा. दिग्दर्शक कोण?"

"दिग्दर्शक म्हंजे काय जी?"

"ज्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळे वागतात, तो."

अख्ख्या उमरेडने मोठेबाबांकडे बोट दाखवलं.

"तं मग मीच," मोठेबाबा संकोचून म्हणाले.

"आणि हे ईश्वरदास?"

"हा? हा फोटोवाला. पत्रिकेत फोटोवाल्याचं नाव राह्यते काय जी?"

नापास ठरलेला ईश्वरदास सिरोंच्याला निघाला, तेव्हा पोचवायला सगळी मंडळी स्टँडवर आली. मोठीमाय रडत होती, चंद्रकला मटणाचा डबा देत होती. मोठेबाबांनी कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. आठवण म्हणून एक फोटो हवाच, असं ठरलं. एस.टी.समोर सगळे उभे राहिले, क्रम न चुकवता. चंद्रकलेने नवऱ्यासाठी आपल्या शेजारी जागा धरली.

मोठेबाबांनी कॅमेरा ईश्वरदासच्या हातात दिला.

"तूच काढ गा," ते म्हणाले. "तुले सवय हाय."