मामांच्या छातीतली काच

आपत्कालीन सरावात व्यत्यय येऊ नये म्हणून रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग त्या दिवशी रुग्णांसाठी बंद ठेवण्यात आला होता. खऱ्या रुग्णांनी सराव संपेपर्यंत मागच्या इमारतीतल्या बाकांवर थांबावे, अशी सूचना फाटकावर होती आणि तिच्याखाली दिलगिरीही होती. आवारात बस उलटल्याचा देखावा मांडला होता. बस सरळच उभी होती, कारण उलटवायची परवानगी वेळेत आली नव्हती.

जखमींची जबाबदारी जखमाताईवर होती. नाटकांची रंगभूषा करणारी बाई. तलवारीचे वार, भाजलेले हात, फुटलेली डोकी यांत तिचा हात असा बसलेला, की तिचं खरं नाव नाटकवालेही विसरले होते. सकाळपासून ती मेण थापून, त्यात चिरा पाडून, घट्ट पाकात लाल रंग कालवून केलेलं रक्त ओतत होती. सांडून वाळलेलं रक्त तपकिरी आणि ताजं लालभडक, हा फरक ती कधी चुकवत नसे.

जखमी व्हायला आलेल्यांच्या रांगेत तिचे सख्खे मामाही होते. हयातभर दुसऱ्या अंकात मरणारे नट. गळ्यात अडकवलेलं हिरवं कार्ड बघून त्यांचा पारा चढला होता.

"किरकोळ खरचटणे? मला? अगं, मी मेलो की बायका रडायच्या!"

"मामा, वाटप वरून झालंय. गंभीर जखमांची लाल कार्डं संचालकांच्या सासुरवाडीला गेली."

"मग निदान कोपर तरी दणकून खरचटव. मागच्या रांगेला दिसायला हवं."

भोंगा वाजला. लाल कार्डवाले ठरल्याप्रमाणे किंचाळू लागले. पिवळे कण्हू लागले. हिरव्यांनी गप्प बसायचं होतं, तसे मामा पायरीवर बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी जबडा धरला. कपाळावर घाम डबडबला.

"ओ हिरवे!" सरावाचा समन्वयक कर्ण्यातून ओरडला. "तुमच्या भूमिकेत घाम नाहीये! जादा अभिनय नको, लाल रुग्णांवर अन्याय होतो!"

जखमाताईने वळून पाहिलं आणि तिच्या हातातला ब्रश थांबला. मामांचा चेहरा राखाडी झाला होता, ओठांच्या कडेला निळसर झाक. मरणाऱ्या राजांसाठी हा रंग ती पांढऱ्यात निळा घालून, मग कणभर पिवळा घालून बनवायची, आणि तो पहिल्या फटक्यात कधीच जमत नसे. हा अगदी अचूक जमला होता. आणि तो तिने लावलेला नव्हता.

"मामा, काय होतंय?"

"जबड्यात कळ येतेय गं. डावा हात दगडासारखा झालाय."

"खरंच? की…"

"अगं, नाटक करत असतो तर इतकं हळू बोललो असतो का?"

ती धावत समन्वयकाकडे गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खरे आहेत? मग मागच्या इमारतीत."

"तिथे डॉक्टर आहेत?"

"डॉक्टर सगळे सरावात आहेत. तिथे बाक आहेत."

"मग इथेच बघा ना त्यांना!"

"इथे फक्त सरावातले जखमी बघतात, बाई. त्यातही आधी लाल. शिस्त नको का?"

"मग लाल कार्ड द्या!"

"आणि जखम? लाल कार्डाला दिसेल अशी जखम लागते."

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. जखमाताईने पेटी उघडली. मामांच्या सदऱ्याची बटणं काढून छातीवर मेण थापलं, त्यात काच म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा टोकदार तुकडा रोवला आणि उरलेलं सगळं रक्त ओतलं. एरवी छातीच्या जखमेत ती बारीक नळी बसवायची, म्हणजे रक्त ठोक्याबरोबर उसळल्यासारखं दिसे. आज ती नळी तिने काढलीच नाही. ठोका मोजायचा धीर तिला नव्हता. संचालकांचे साडू दोन्ही पाय तुटलेल्या अवस्थेत बसमागे येरझाऱ्या घालत फोनवर बोलत होते. त्यांनी आपलं लाल कार्ड आनंदाने देऊन टाकलं.

स्ट्रेचर धावतच आलं.

"ऑक्सिजन लावला," आत एक शिकाऊ डॉक्टर म्हणाला. त्याचे हात खिशात होते.

"लावला असं धरू," मोठे डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शन?"

"दिलं असं धरलं, सर."

"रुग्ण वाचला असं धरा. पुढचा!"

कोपऱ्यात रुग्णालयांच्या सरावांना गुण देणारे निरीक्षक बसले होते. जखमाताई थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, वास्तवतेला गुण आहेत का?"

"म्हणजे काय! सगळ्यांत जास्त."

"मग इथे तर सगळे नुसतं धरतायत."

निरीक्षकांनी पेन उचललं. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, मशीन लावा त्यांना! आपल्याकडे सगळं प्रत्यक्ष असतं!"

मशीन लावलं. कागदाची पट्टी सरकू लागली. शिकाऊ डॉक्टरने खिशातून हात काढले.

"सर, हा झटका खरा आहे."

"हळू बोल. निरीक्षक ऐकतील."

"मग उपचार?"

"खरेच दे. पण दिसू दे सरावासारखे."

ऑक्सिजन आला, गोळी आली, सुई टोचली गेली. बऱ्याच वेळाने मामांच्या ओठांवरची निळी झाक ओसरली. निरीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आवाजाने मामा सवयीने अभिवादनाला उठू लागले, तेव्हा नर्सने त्यांना दाबून झोपवलं.

सरावाच्या गुणांत रुग्णालय जिल्ह्यात पहिलं आलं. फक्त एके ठिकाणी गुण कापले गेले: 'रुग्णाच्या छातीतील काच अखेरपर्यंत काढण्यात आली नाही.' शिकाऊ डॉक्टरकडे खुलासा मागवला गेला. काच खोटी होती, असं त्याने सांगितलं. खोट्या जखमेचा रुग्ण खरा कसा, असं त्याला उलट विचारण्यात आलं.

संध्याकाळी मामांना झोप लागल्यावर जखमाताई पेटी घेऊन मागच्या इमारतीतल्या वाटेने घरी निघाली. तिथे शिपाई बाकांवरच्या लोकांना उठवत होता. "चला, सराव संपला! आता आत जा!" सगळे उठले. भिंतीला डोकं टेकून बसलेला एक म्हातारा तेवढा उठला नाही.

"काका, ओ काका! संपला सराव!"

जखमाताईने जवळ जाऊन पाहिलं. तोच राखाडी. अचूक. पेटी उघडण्यात आता अर्थ नव्हता.

म्हाताऱ्याच्या गळ्यात कुठल्याच रंगाचं कार्ड नव्हतं, त्यामुळे अहवालात त्याची नोंद नाही. जीवितहानीच्या रकान्यात शून्य आहे, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे.

काय ही माणसं, असं तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. पण बाकांवर लोक बसवलेत, हे तुम्हाला पहिल्याच परिच्छेदात सांगितलं होतं. त्यांचं पुढे काय झालं, हे तुम्हीही मध्ये एकदा विचारलं नाहीत. त्यांच्या अंगावर रक्त नव्हतं ना.