हितसंबंध नसलेल्यांचं सिंक

आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक गळतं, ही गोष्ट कुटुंबाच्या अधिकृतरीत्या लक्षात आली ती बाबांचा पाय ओल्या फरशीवरून घसरला तेव्हा. आईला ते आधीपासून माहीत होतं. पण ती खाली डबा लावायची आणि भरला की ओतून यायची, त्यामुळे प्रकरण वरपर्यंत पोचलंच नव्हतं.

आईची खरी तक्रार गळतीची नव्हती. ते सिंक बसवलेलं फार खाली. भांडी घासताना तिला कमरेतून वाकावं लागे आणि घासून झाल्यावर भिंतीला धरून हळूहळू सरळ व्हावं लागे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता वाकणं बंद." आईने विचारलं, "मग भांडी?" तर डॉक्टर म्हणाले, तो आमचा विषय नाही.

"नवीन बसवतोच आहोत तर जरा उंच बसवा," आई म्हणाली. "आणि मोठं पातेलं मावेल एवढं खोल असू दे, आत्ताच्यासारखं. बास. बाकी कसं का असेना."

"अगं, असं एकदम तोंडातून आलं आणि झालं, असं नसतं," बाबा म्हणाले. "पद्धत असते."

बाबा खरेदी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या कारकिर्दीत समिती नेमल्याशिवाय ऑफिसात टाचणी आली नाही, आणि नेमल्यावरही पुष्कळदा आली नाही, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. त्याच संध्याकाळी 'सिंक व नळ निवड समिती' स्थापन झाली. अध्यक्ष बाबा. तांत्रिक सदस्य काका, कारण तरुणपणी ते नळांच्या कारखान्यासमोर राहायचे. सौंदर्यविषयक सदस्य ताई. ती दिवसभर मोबाइलवर परक्यांची स्वयंपाकघरं बघते. सदस्य-सचिव मी. माझी पात्रता विचारू नका, सचिवाला ती लागत नाही.

"आणि मी?" आईने विचारलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. वाईट बातमी ते नेहमी चष्मा पुसूनच देतात. "तुला घेता येणार नाही."

"का म्हणून?"

"या घरात सिंक कोण वापरतं?"

"मीच की. दुसरं कोण फिरकतंय तिकडे?"

"झालं तर मग! तुझे थेट हितसंबंध गुंतलेत. ज्याला वस्तू वापरायची त्यानेच ती निवडली, तर निःपक्षपातीपणा राहिला कुठे? आता आमचं बघ. आम्हा चौघांपैकी कुणी आजवर चमचासुद्धा धुतलेला नाही. आमचा काडीचा हितसंबंध नाही."

हे इतकं बिनतोड होतं की काकांनी टाळी वाजवली. आईने समितीला चहा दिला, आणि चहा पिऊन समितीने कप सिंकमध्ये ठेवले.

दुकानात सिंकं भिंतीवर टांगली होती, प्रत्येकावर वेगळा दिवा. टाय लावलेला विक्रेता हात जोडून पुढे आला. बाबांनी एक नळ सोडून बघितला.

"यात पाणी नाही."

"इथे पाणी नसतं, सर. पाण्याने फिनिशिंग जातं."

"माणूस प्रामाणिक दिसतो," काका माझ्या कानात म्हणाले.

हल्ली नळातून नुसतं पाणी येत नाही, अनुभव येतो, असं विक्रेत्याने समजावून सांगितलं. एका नळाला धार, फवारा आणि धुकं अशा सोयी होत्या. धुक्याने काय धुतात, असं मी विचारलं. "धुवायचं नसतं, सर. फील घ्यायचा असतो." ताईने तिथल्या तिथे, कोरड्या नळाखाली, डोळे मिटून तो घेतला.

आईला आम्ही निरीक्षक म्हणून सोबत आणलं होतं, मताचा अधिकार न देता. तिने काय करावं? पिशवीतून घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि मांडणीवरच्या एका सिंकमध्ये ठेवून बघितलं!

विक्रेता धावत आला. "मॅडम, मॅडम! सिंकमध्ये भांडं नका ठेवू!"

"मग काय ठेवू?" आईने विचारलं.

याचं उत्तर त्याला प्रशिक्षणात शिकवलेलं नसावं. ताई लाजेने अर्धी झाली. बाबांनी आईला बाजूला घेऊन समज दिली की असं पातेलं आणणं म्हणजे समितीवर दबाव आणणं होय.

"मावत होतं का हो, वहिनी?" काकांनी हळूच चौकशी केली.

"अर्धं."

"अर्धं म्हणजे पन्नास टक्के. पासच की!"

पुढे समितीत जुंपली. बाबांना मजबुती हवी होती, काकांना हात पुढे करताच आपोआप सुरू होणारा नळ, आणि ताईला काळा रंग. कुणीच मागे हटेना. शेवटी तडजोड म्हणून सगळ्यांचं थोडं थोडं घेतलं. रंग ताईचा, नळ काकांचा, चांगला बगळ्याच्या मानेएवढा, आणि बाबांच्या समाधानाला इतकं जड सिंक की दोघांनी धरून उचलावं. खोलपणाची बाजू मांडणारं समितीत कुणी नव्हतं, त्यामुळे ते परातीएवढं उथळ निघालं.

घरी प्लंबरने नळ उभा केला, तर तो वरच्या फळीला टेकला.

"फळी काढू?" त्याने विचारलं.

"फळीला हात नाही लावायचा!" ताई ओरडली. फळीवर तिच्या काचेच्या बरण्या आहेत. आत काही नाही, पण फोटोत छान येतात.

"मग नळ कापू?"

"गॅरंटी जाईल," काका म्हणाले.

"मग ओटाच खाली घ्यावा लागेल," प्लंबर म्हणाला. फोडाफोडीला तो एका पायावर तयार होता.

ठराव एकमताने मंजूर झाला आणि ओटा वीतभर खाली गेला. आई दारात उभी राहून बघत होती. "अहो, मी उंच मागितलं होतं."

"उंचच आहे की!" बाबांनी नळाकडे बोट दाखवलं.

जुनं सिंक उचलून प्लंबर निघाला, तेव्हा आई त्याच्याशी दारात काहीतरी बोलली. आम्ही लक्ष दिलं नाही. तो विषय विषयपत्रिकेवर नव्हता.

उद्घाटनाला काकांनी नळापुढे हात धरला. नळ ढिम्म. त्यांनी हात जोडले, हलवले, उलटे केले. कंटाळून पाठ फिरवली आणि नळ धो धो सुरू झाला. एवढ्या उंचावरून पाणी परातीत पडलं आणि तिथून थेट समितीच्या अंगावर आलं. प्लंबरला फोन केला, तर म्हणाला, महागाच्या नळाचं उडतंच. पाणी वाळलं, तसे काळ्या सिंकवर पांढरे डाग उमटले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

तातडीच्या बैठकीत नव्या सिंकला असलेल्या धोक्यांचा आढावा घेण्यात आला. गरम पाणी, काथ्या, तेलकटपणा आणि खरकटं हे मुख्य धोके. हे सगळं येतं कशातून? भांड्यांतून. तेव्हा सिंकमध्ये भांडी ठेवण्यास मनाई करण्यात आली आणि समोर दोरी बांधली.

"अहो, मग मी भांडी घासू कुठे?"

"तो स्वतंत्र विषय आहे," बाबा म्हणाले. "यथावकाश घेऊ."

गंमत म्हणजे भांडी पूर्वीसारखीच लख्ख येत राहिली. कशी, ते कुणी विचारलं नाही. हळूहळू आई भिंतीला न धरता चालू लागली. एकदा तर कामाच्या नादात गुणगुणताना ऐकू आली. डॉक्टर चकित झाले. बाबांनी मला अहवालात नोंद करायला सांगितलं, की योग्य निवडीचा परिणाम पाठीवरही दिसून आला.

मग एका सकाळी आपली चप्पल शोधत बाबा मागच्या गॅलरीत गेले आणि तिथूनच त्यांनी समितीला हाक मारली. आम्ही धावलो. गॅलरीत जुनं सिंक होतं! विटांच्या खांबांवर, बरोबर आईच्या कमरेच्या उंचीला. गळती बुजवलेली. वर साधा पितळी नळ. आणि आत ते मोठं पातेलं, पाय पसरून बसल्यासारखं.

"हे अनधिकृत आहे," बाबा म्हणाले. "ना ठराव, ना निवड! एक तर हे तोडावं लागेल, नाहीतर समितीला रीतसर तपासणी करून मान्यता द्यावी लागेल."

आईचा चेहरा क्षणभर उतरला. मग तिने पदर खोचला.

"तपासा की. कोण नको म्हणतंय?" असं म्हणून तिने चार घासण्या काढल्या आणि एकेकाच्या हातात दिल्या. "तो करपलेला कुकर, ती कढई, ते कप. घासल्याशिवाय सिंक कसं आहे ते कळायचं कसं?"

बाबांनी बाही वर करायला घेतली.

"फक्त एक लक्षात असू द्या," आई म्हणाली. "एकदा घासलंत की तुमचे हितसंबंध गुंतले. मग समितीत राहता येणार नाही हं कुणाला."

बाबांनी घासणीकडे बघितलं, मग करपलेल्या कुकरकडे. बाही खाली आली. काकांना अचानक काम आठवलं, ताईला नखं. तपासणी बेमुदत तहकूब झाल्याची नोंद मी केली, अर्थात घासणी खाली ठेवून.

तेव्हापासून दोन्ही सिंकं सुखात आहेत. आमच्याकडे आलात तर काळं जरूर बघा, दोरीच्या अलीकडून. आणि आमची मजा वाटून गालातल्या गालात हसत असाल, तर जरा कान द्या. तुमच्याच घरात आतून भांड्यांचा आवाज येतोय का? कोण आहे तिथे?

अहो, उठू नका, उठू नका! बसा. वाचन चालू द्या. तिकडे गेलात तर उगाच तुमचेही हितसंबंध गुंतायचे.