मंजुरीआधीचे आभार

बीदरजवळच्या कोळारच्या नाक्यावर भीमसेन बिरादारची स्कूटर थांबली ती ब्रेक मारल्यामुळे नव्हे, हँडलवरचा हात आपोआप सुटल्यामुळे. समोरच्या लोखंडी सांगाड्यावर तो स्वतःच हात जोडून उभा होता. खऱ्या डोक्याच्या चौपट डोकं, आणि खाली मोबाइल नंबर. शेजारी लिहिलं होतं:

जाहीर आभार! कोळारच्या लहान कारखान्यांना पाइपचा गॅस मंजूर केल्याबद्दल मा. पंचाक्षरी साहेबांचे मनःपूर्वक अभिनंदन!

वर कन्नडात, खाली मराठीत. म्हणजे वाचता आलं नाही असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

फ्लेक्स देखणा होता. अडचण एवढीच होती की गॅस मंजूर झालेला नव्हता. मंजूर करायचा की नाही हे ठरवणारे पंचाक्षरी साहेब अजून गावात पोचलेही नव्हते. ते थोड्या वेळात येणार होते, ह्याच रस्त्यानं.

भीमसेनची फुटाण्याची भट्टी होती, लाकडावर चालणारी. संक्रांतीनंतर लाकडाचा धूर दिसला तर टाळं लावू, असं प्रदूषणवाल्यांनी बजावलं होतं. गॅसचा पाइप कोळारच्या तोंडापर्यंत आला होता. पण नियम असा की गॅस फक्त मोठ्या कारखान्यांना. त्यावर भीमसेननं दोन वर्षं बेंगळुरूला आणि दिल्लीला अर्ज केले, की आम्हा लहान भट्ट्यांना मिळून एकच मोठं गिऱ्हाईक धरा. साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकांवर बसून बसून त्याची पँट मागून चकाकायला लागली, तेव्हा कुठं गॅसच्या नियामक मंडळानं सुनावणीला माणूस पाठवायचं कबूल केलं. सुनावणीच्या नोटिशीत शेवटी एक ओळ होती: ‘सुनावणीपूर्वी प्रसिद्धी केल्याचे अथवा दबाव आणल्याचे आढळल्यास निवेदन रद्द समजण्यात येईल.’ भीमसेनला ती रामरक्षेसारखी पाठ होती. फरक एवढाच की रामरक्षेनं भीती जाते.

*उद्याचा पेपर, भीमसेनच्या डोक्यात छापलेला, पान पहिलं: फुटाणेवाल्याचा सरकारवर दबाव. भट्टीला कायमचे टाळे. पत्नी म्हणाल्या, ‘मी आधीच सांगितलं होतं.’*

त्यानं संघटनेचे अध्यक्ष बसलिंगप्पा यांना फोन लावला. बसलिंगप्पांची तेलघाणी होती आणि आवाजही घाणीसारखाच, न थांबणारा.

"अध्यक्ष, फ्लेक्स लागलाय!"

"लागला? झकास की! माझा फोटो कसा आलाय?"

"अवो, गॅस कुठं मिळालाय अजून?"

"मिळाल्यावर लावायचा म्हणून आधी करून ठेवला होता. ऐन टायमाला नागसेनकडं लग्नाची गर्दी असती."

"मग आजच कामून लागला?"

"मला काय विचारतावं? त्यालाच विचारा की!"

नागसेन फ्लेक्सवाल्याचं दुकान नाक्यावरच होतं. तो चहा पीत होता. माणसाला एवढं शांत बसता येतं ह्याचंच भीमसेनला भय वाटलं.

"सांगाडा आजच रिकामा होता, भीमसेनअण्णा. उद्या त्याच्यावर एक बारसं हाय. म्हटलं, तुमचं काम तर होणारच हाय. नक्को टेन्शन घेऊ."

"उतरव आधी."

नागसेननं चहाचा कप खाली ठेवला. इकडं तिकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वर अप्पासाहेब हायेत."

भीमसेननं मान वर केली. आपलंच डोकं बघण्याच्या नादात त्याचं वर लक्षच गेलं नव्हतं. फ्लेक्सचा वरचा अर्धा भाग अप्पासाहेबांच्या चेहऱ्यानं भरला होता. गॉगल, मिशी, कपाळावर गंध. अप्पासाहेब इथले पुढारी; त्यांचा गॅसशी काडीचा संबंध नव्हता. पण ह्या भागातला रिवाज असा, की अप्पासाहेबांचा फोटो नसेल तर फ्लेक्स संध्याकाळपर्यंत टिकत नाही, आणि असेल तर तो कुणाला उतरवता येत नाही. गेल्या वर्षी एका शेळीनं अप्पासाहेबांच्या फ्लेक्सचा कोपरा खाल्ला. पोलीस ठाण्यात शेळीला कुणी काही विचारलं नाही. मालकाला मात्र विचारलं, शेळी कुठल्या पक्षाची.

"मग झाकू. चादर टाकू वरून," भीमसेन म्हणाला.

"कसल्या रंगाची?"

"पांढरी."

"पांढरी? अप्पासाहेबाच्या तोंडावर? जित्या माणसाच्या?"

"मग काळी."

"निषेध होतोय त्यो."

भीमसेननं भगव्याचा विचार केला आणि सोडला. हिरव्याचा विचार नुसता मनात आला तरी त्यानं मागं वळून बघितलं. निळा, पिवळा, लाल, कुठलाही घ्या, तो आधीच कुणाचा तरी झालेला होता. एवढे रंग देवानं केले, पण घाबरलेल्या माणसासाठी एकही शिल्लक ठेवला नव्हता.

"एकच उपाय हाय," नागसेन म्हणाला. "अप्पासाहेबावर फक्त अप्पासाहेबच टाकता येतेत. माझ्याकडं एक जादा छापलेला पडलाय. त्यांच्या वाढदिवसाचा."

"वाढदिवस कधी असतो?"

"मार्चात."

"आरं, आता दसरा होऊन गेला!"

"अण्णा, तुम्ही फ्लेक्स झाकायला आलाव का पंचांग बघायला?"

दोघांनी शिडी लावली. वाढदिवसाचा फ्लेक्स अगदी मापात बसला. नागसेननं चारी कोपरे सुतळीनं बांधले. आभार गेले, पंचाक्षरी साहेब गेले, हात जोडलेला भीमसेन गेला. उरले ते फक्त अप्पासाहेब आणि त्यांना लाभणारं उदंड आयुष्य. भीमसेननं त्या दिवसातला पहिला पूर्ण श्वास घेतला.

भीमसेनपुरती गोष्ट इथं संपली होती.

तेवढ्यात एक रिक्षावाला थांबला. त्यानं वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आज वाढदिवस हाय व्हय? आन् आमाला पत्ताच न्हाई!" त्यानं घाबरून कुणाला तरी फोन केला. त्या कुणीतरी आणखी कुणाला केला. बघता बघता पाच मोटारसायकली आल्या. प्रत्येक जण उतरला की आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा.

"तुला म्हाईत होतं का रं?"

"म्हंजे काय! कालपसून तयारी चालूय आमची."

एकालाही तारीख आठवत नव्हती, आणि सगळ्यात उशिरा आलेला माणूस मात्र कुणालाच व्हायचं नव्हतं. हार आले. बेकरीतून केक आला. त्याच्यावर कुणा पोराचं नाव होतं, ते बोटानं पुसून टाकलं. हलगी आली. कारखान्यांतले कामगार बाहेर आले. थोड्या वेळानं खुद्द बसलिंगप्पा हातात झेंडूचा हार घेऊन आले, तेव्हा भीमसेननं त्यांना बाजूला ओढलं.

"अध्यक्ष, आज वाढदिवस न्हाई!"

"हळू बोला! मला बी ठाऊक हाय."

"मग हार कशाला आणलाव?"

"मी आलो न्हाई हे कुणी बघितलं तर?" आणि ते घाईघाईनं पुढच्या रांगेत घुसले.

*उद्याचा पेपर, दुसरी आवृत्ती: खोट्या वाढदिवसामागे फुटाणेवाला. अप्पासाहेब संतापले. बिरादार कुटुंब आळंदच्या पाहुण्यांकडे रवाना. पाहुण्यांनी दार उघडले नाही.*

भीमसेनची बायको शिवकन्या निवेदनाची फाईल घेऊन आली. तो ती घाईत घरीच विसरला होता. गर्दी बघून ती म्हणाली, "अवो, सुनावणी हाय का जत्रा?"

"बोलू नको. टाळ्या वाजव."

"कशाच्या?"

"ठाऊक न्हाई. सगळे वाजवायलेत."

तेवढ्यात पांढरी गाडी आली आणि गर्दीत रुतून बसली, नेमकी सांगाड्यासमोर. मागच्या सीटवर पंचाक्षरी साहेब. कुणीतरी फटाक्यांची लड पेटवली. वारं सुटलं. भीमसेनच्या नजरेसमोर खालच्या दोन सुतळ्या तटातटा तुटल्या आणि वाढदिवसाचा खालचा अर्धा भाग धोतराच्या सोग्यासारखा वर उचलला गेला. भीमसेननं डोळे मिटले. देवा, आता फक्त साहेबांनी मान वर करू नये, म्हणजे...

साहेबांनी मान वर केली.

वर अप्पासाहेब हसत होते. खाली साहेबांचंच नाव होतं. त्यांनी आधी कन्नड वाचलं. मग मराठी वाचलं. पुन्हा कन्नड वाचलं, भाषा बदलल्यावर मजकूर बदलेल ह्या आशेनं. मग हार, केक, हलगी आणि टाळ्या वाजवणारी माणसं बघितली. गाडीची काच चार बोटं खाली आली.

"भीमसेन बिरादार कोण?"

आडनावासकट हाक मारली की काहीतरी रद्द होतंच, असा भीमसेनचा अनुभव होता. तो गाडीत जाऊन बसला. फाईल देण्यासाठी शिवकन्या खिडकीशी उभी राहिली. काच वर गेली.

पंचाक्षरी साहेब अफजलपूरचे, सोलापुरात शिकलेले. मराठी त्यांना घरच्यासारखी येत होती. पण त्या क्षणी त्यांना कुठलीच भाषा नीट येईना.

"बिरादार, माझ्याशी खरं बोला."

"जी."

"मंजूर कधी झालं?"

भीमसेनला सगळं खरं सांगायचं होतं. सांगाडा, बारसं, चादरीचा रंग, सगळं. पण सुरुवात कुठल्या फ्लेक्सपासून करायची ते ठरेना.

"मला कुणीच कसं कळवलं न्हाई?" साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "मी तर ऐकायला आलोय. खरं सांगू का, नामंजूर करायच्याच तयारीनं आलो होतो. लहान भट्ट्यांच्या भानगडीत पडायला वर कुणी तयार न्हाई, असं वाटलं होतं. आन् इथं हार काय, फटाके काय! वरूनच ठरलं होतं तर मला कामून पाठवलं? मी काय करतो ते बघायलेत का?"

भीमसेननं तोंड उघडलं.

"नको, नको, बोलू नका! तुमच्यावर बी दबाव असणार. दिसायलंय मला."

तेवढ्यात भीमसेनचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "धरा, अप्पासाहेब बोलणार हायेत." भीमसेनचं बोट चुकून थेट स्पीकरवर पडलं.

"बिरादार का?"

गाडीत बसल्या बसल्या जेवढं उभं राहता येतं तेवढे साहेब उभे राहिले.

"व्हय, अप्पासाहेब," भीमसेन म्हणाला. *उद्याचा पेपर* छापायलाही डोक्यात जागा उरली नव्हती.

"आज माझा वाढदिवस हाय म्हणं."

भीमसेननं काचेतून बाहेरच्या केककडं बघितलं.

"फोटो आलाय माझ्याकडं. लई माणसं दिसायलेत."

"व्हय... लई हायेत."

पलीकडचा आवाज खाली आला. अप्पासाहेबांचा असा आवाज कोळारात कुणी ऐकला नव्हता. "हे कुणी ठरवलं वो? बेंगळुरूवरून आलं का?"

"मला... म्हाईत न्हाई, अप्पासाहेब."

"सांगू नका, ऱ्हाऊ द्या. मी आईला विचारलं. ती म्हणती मार्चात. पण म्हातारीचं काय धरायचं? वरच्यांनी तारीख बदलली आसंल तर मी कशाला आडवा येऊ? तिकिटाचे दिवस हायेत." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आन् माझ्या फोटोखाली ते गॅसचं काय लिवलंय? त्ये मीच केलं का?"

भीमसेननं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी फोनकडं बघितलं.

"केलं आसंल," अप्पासाहेब स्वतःशीच म्हणाले. "करतोच मी. बरं, केक ठेवा थोडा. मी निघालोच."

फोन बंद झाला. साहेबांनी बॅगेतून कार्बन लावलेला कागद काढला, मांडीवर ठेवला आणि लिहिलं: ‘सर्व लहान भट्ट्यांना मिळून एक ग्राहक धरून गॅस मंजूर करण्यात येत आहे.’ सही केली. अप्पासाहेब यायच्या आत आपली गाडी बीदरच्या बाहेर असावी, एवढीच त्यांची आता इच्छा होती.

"साहेब," भीमसेन म्हणाला, सवयीनं, "आमचं निवेदन वाचायचं राहिलं. दोन वर्षं लिहिलंय."

साहेबांनी त्याच्याकडं घाबरून बघितलं. "आता वाचलं, आन् त्यात काही वेगळंच निघालं तर?"

भीमसेन कागदाची प्रत घेऊन गाडीतून उतरला. पाय जमिनीला लागत होते की नाही, ह्याची त्याला खात्री नव्हती. गाडी मागं मागं जात गर्दीतून निसटली. शिवकन्येच्या एका हातात न उघडलेली फाईल होती आणि दुसऱ्या हातावर कुणीतरी केकचा तुकडा ठेवला होता.

"काय झालं?"

"मंजूर झालं."

"भट्टी वाचली?"

"वाचली."

"कुणी केलं मंजूर?"

भीमसेननं विचार केला. साहेबांनी? त्यांना वाटत होतं, अप्पासाहेबांनी. अप्पासाहेबांनी? त्यांना वाटत होतं, वरच्यांनी. वरच्यांना तर कोळार कुठं आहे हेही ठाऊक नसेल. त्यानं दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि तिच्या कानाशी लागला.

"कुणीच केलं न्हाई. झालं."

"मग आता कामून भ्यायलाव?"

"उद्या कुणी रद्द केलं तर?"

"कुणी केलंच न्हाई, तर रद्द करायचं कुणी?" असं म्हणून शिवकन्येनं केकचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.

हे त्याला पटलं. भीमसेननं केक गिळला, कागदाची घडी करून आतल्या खिशात घातली आणि गर्दीकडं तोंड करून टाळ्या वाजवायला लागला. सगळे वाजवत असताना एकट्यानं नुसतं उभं राहणं बरं दिसलं नसतं.